कोड लिहिताना स्क्रीनवर कुत्रं-मांजर कशाला?

विश्रामबागकर (सांगली):
मी इथे प्रोग्रॅमिंगचा क्लास घेतो. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये 'व्हीएस कोड पेट्स' हे एक्स्टेन्शन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकलं की एका पट्टीत कुत्रं, मांजर, खेकडा असं काहीतरी फिरत राहतं. नाव, रंग, आकार, मागचा देखावा आपण निवडायचा. चेंडू टाकला की मागे धावतं. परवा एक पालक चिडून आले, "हा पोरखेळ बंद करा" म्हणाले. मी करणार नाही.

तासगावहून एसटीने येणारी एक मुलगी आहे. सहा महिन्यांत तिने एक शंका विचारली नव्हती. तिने तपकिरी कुत्रं ठेवलं, नाव मोती. एकदा तिच्या मागून जाताना ऐकलं, हळू आवाजात मोतीला लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड; 'आय' हा त्यातला मोजणीचा आकडा) समजावत होती: "हे बघ, यादीत पाच नावं. आय शून्यापासून सुरू, पाचपर्यंत... अरे, मग सहा होतात की!" तिथेच थांबली आणि अटीतलं 'किंवा समान' खोडलं. प्रोग्रॅमर अडले की टेबलावरच्या रबरी बदकाला कोड समजावतात आणि बोलता बोलता चूक सापडते, ते हेच. पोरं बोलती होत असतील तर मला मोती हवाच.

पोवईनाका (सातारा):
सर, मुलगी बोलली हे उत्तमच. पण बदक टेबलावर गप्प बसतं, हे हलतं! डोळ्याच्या कडेला काही हललं की नजर जाते, ते आपल्या हातात नसतं. डिबगिंग करताना, म्हणजे कोडमधली चूक शोधताना, चार व्हेरिएबलच्या किमती डोक्यात धरलेल्या असतात. नजर हलली की त्या गेल्या, पुन्हा पहिल्यापासून. मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मधली ती मदतीला येणारी डोळेवाली क्लिप आठवा. लोक इतके वैतागले की २००१ च्या ऑफिस एक्सपीत ती मुळातच बंद ठेवून दिली.

कृष्णाकाठ (कराड):
दादा, क्लिप मध्येच येऊन "पत्र लिहिताय का?" विचारायची, म्हणून लोक वैतागले. हे कुणाला काही विचारत नाही. १९९६ च्या तामागोची या खेळण्यातल्या डिजिटल प्राण्यासारखं भुकेनं मरतही नाही, की दर तासाला बघावं लागेल. रात्री दोन वाजता होस्टेलवर एकटी प्रोजेक्ट करते तेव्हा ते मांजर पाय मुडपून बसलेलं असतं. मला तेवढंच पुरतं.

मिरजवाला:
तुम्ही नजरेवर भांडताय, मला भीती वेगळीच आहे. व्हीएस कोडचं एक्स्टेन्शन एडिटरच्याच अधिकारांनी चालतं. फाइल वाचू शकतं, नेटवर काही पाठवू शकतं. 'पेट्स'चा कोड खुला आहे, ते ठीक. पण पोरं गोंडस चित्र बघून त्याच धाटणीचं कुणाचंही काहीही टाकतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर मी एकही चालू देणार नाही.

विश्रामबागकर:
मिरजवाले, हे शंभर टक्के मान्य. उद्यापासून क्लासमध्ये मी तपासलेलं एकच एक्स्टेन्शन. नजरेचं मात्र पटत नाही. ज्याला त्रास होतो त्याने पट्टी मिटावी, एका क्लिकचं काम आहे.

आणि एक सांगायचं राहिलं. आटपाडीकडचा एक मुलगा स्वतःचा प्राणी बनवतोय, पांढरा खिलार खोंड. एकेक चित्र काढून चाल जुळवतो. पाय सारखे घसरल्यासारखे दिसायचे, म्हणून रविवारी मोबाईल घेऊन गोठ्यात बसला. मागचा पाय आधी उचलतो, मग त्याच बाजूचा पुढचा, हे त्याने तिथे पाहिलं. आता आठ चित्रांत खोंड नीट चालतो.

पोवईनाका:
खोंड झाला की इथे टाका, मला बघायचाय. पण परीक्षेच्या दिवशी तरी सगळ्यांच्या पट्ट्या बंद ठेवा, सर.