बायोप्सी लांबवू नका

वडिलांचा आवाज बसलाय, पण बायोप्सीने (गाठीचा छोटा तुकडा काढून तपासल्याने) कॅन्सर पसरतो असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांची तपासणी थांबवली, असं तुम्ही लिहिलंत. कळकळीने सांगते, थांबू नका. बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही, आणि तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरतच नाहीत.

माझ्या काकांचा आवाज बसला होता. चार महिने गुळण्या, ज्येष्ठमध, अँटिबायोटिक. घशात दुर्बीण घालून कुणी पाहिलंच नाही! आवाज ३ आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, त्यात तंबाखू-विडी असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून लॅरिंगोस्कोपी, म्हणजे स्वरयंत्राची दुर्बिणीने तपासणी, करायचीच. ओपीडीत काही मिनिटांत होते.

शेवटी तपासलं तेव्हा काकांना कॅन्सर निघाला. नशिबाने गाठ स्वरतंतूपुरतीच होती, नुसत्या रेडिएशनवर भागलं. आठवड्याचे ५ दिवस, साधारण साडेसहा आठवडे. डोकं हलू नये म्हणून जाळीदार प्लॅस्टिकचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसवायचे. घरी येईपर्यंत काकांच्या कपाळावर जाळीचे वळ दिसायचे. गिळवत नसे, काकू पेज गार करून चमच्याने भरवायची. रेडिएशनआधी दात मात्र तपासून घ्या, नंतर दात काढणं जबड्याला धोक्याचं असतं.

स्वरयंत्र काढावं लागलं तरी व्हॉइस प्रोस्थेसिसने, म्हणजे घशात बसवलेल्या छोट्या झडपेने, बोलता येतं.

बाबांचा आवाज नक्की कधीपासून बसलाय? गिळताना अडकतं का?