दिवाळी पहाटेसाठी म्युझिक स्टँड कसे निवडावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार. आमच्या हौशी वाद्यवृंदाचा दिवाळी पहाटेचा कार्यक्रम यंदा सभागृहाऐवजी मैदानातल्या उघड्या मंचावर आहे. दोन व्हायोलिनवादक आणि बासरीवादक खुर्चीवर, संवादिनी आणि तबला बैठकीवर, तर दोघे गायक उभे, अशी आमची मांडणी असते. व्हायोलिन आणि बासरीचे तुकडे लिहिलेले आहेत. गायकांना गाणी पाठ असली तरी कडव्यांच्या क्रमासाठी समोर वही लागते. आमची घडीची, तारेची स्टँड ने-आण करायला सोयीची आहेत, परंतु तालमीत पंख्याच्या वाऱ्यानेही त्यांवरचे कागद उडतात आणि जाड वही ठेवली की वरची पाटी हळूहळू झुकत जाते. कार्यक्रम अंधारात सुरू होऊन उन्हात संपणार असल्यामुळे अखंड पत्र्याच्या पाटीची जड स्टँड घ्यावीत की सरळ टॅब्लेट वापरावेत, हे ठरत नाही. शिवाय गायकांसमोर स्टँड आले की चेहरे झाकले जातात आणि ध्वनिसंयोजकांच्या म्हणण्याप्रमाणे आवाजही पोकळ येतो. अनुभवी वादकांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

खुर्चीवरच्या वादकांसाठी जड स्टँडच घ्या. मात्र दोन व्हायोलिनवादक एकच भाग वाजवत असतील तर त्यांना एक स्टँड पुरते. पाश्चात्त्य वाद्यवृंदांत हीच रीत आहे : प्रेक्षकांच्या बाजूचा वादक वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा पान उलटतो. मुंबईत एन.सी.पी.ए. या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम पाहिलात तर हे सहज लक्षात येईल. पानांचा मजकूर असा विभागावा की उलटण्याच्या जागी विराम येईल. ते जमत नसेल तर ए-४ आकाराची दोन पाने शेजारी चिकटवून ४२ सेंटीमीटरचा पट्टा करावा, मात्र पाटी तेवढी रुंद आहे ना, हे आधी मोजून घ्यावे.

अखंड पाटी वाऱ्याला शिडासारखी अडते, हे विसरू नका. ज्या बाजूला भार आहे त्याच दिशेला तिपाईचा एक पाय येऊ द्या आणि पायांवर वाळूची पिशवी ठेवा. कागदांना कपड्यांचे चिमटे चालतात, पण वर दोन आणि खाली दोन असे लावावेत. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पाने घालू नयेत, कारण दिव्याखाली त्या चमकतात आणि नेमकी हवी ती ओळ दिसत नाही. दव पडत असेल तर झेरॉक्सच्या पातळ कागदाऐवजी जाड, चमक नसलेला कागद घ्यावा. अंधारासाठी चिमट्याचा छोटा एल.ई.डी. दिवा पुरतो.

गायकांच्या बाबतीत ध्वनिसंयोजकांचे बरोबर आहे. तोंडातून निघालेला आवाज कडक पाटीवर आपटून किंचित उशिरा मायक्रोफोनमध्ये शिरतो, मूळ आवाजात मिसळतो आणि त्यातल्या काही कंपनसंख्यांचा जोर कमी होतो. त्यामुळे पाटी कमरेच्या आसपास, जवळजवळ आडवी आणि थोडी बाजूला ठेवावी, वर जाड कापड टाकावे. चेहऱ्याचा प्रश्नही त्यानेच सुटेल. संवादिनीवादकांसाठी स्टँडच्या फंदात पडू नका, सर्वांत खाली आणले तरी ते बैठकीला उंचच पडते. पोथीची लाकडी ठवणी उत्तम.

प्रतिसाद २

वरील सर्व मान्य, फक्त टॅब्लेटविषयी दोन शब्द. पायाच्या ब्लूटूथ पेडलने पान उलटता येते, ही सोय मोठी आहे. तथापि ए-४ पानाचा कर्ण सुमारे १४.३ इंच असतो, त्यामुळे १२.९ इंचांच्या पडद्यावरही पान लहानच दिसते. सूर्य वर आला की पडदा वाचता येत नाही, आणि थेट उन्हात उपकरण तापून बंद पडू शकते. गायकांना मोठ्या अक्षरांतल्या गीतांसाठी टॅब्लेट हवाच असेल तर सूचना बंद करून विमान मोड लावावा, मात्र त्यानंतर पेडलसाठी ब्लूटूथ पुन्हा सुरू करावे लागू शकते. वादकांनी या कार्यक्रमापुरते कागदच वापरावेत, असे माझे मत आहे.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. ठवणी घरातच आहे. व्हायोलिनचे दोन्ही भाग मात्र निरनिराळे आहेत, त्यामुळे तिथे दोन स्टँड लागतील. वाळूच्या पिशवीचे वजन साधारण किती असावे, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १

ठरावीक आकडा नाही. पाटीवर वही ठेवून वरच्या कडेला बोटाने हलकेच ढकलून पाहा; पाय उचलला जात असेल तर वजन वाढवा.