मदत हवी आहे: फेरिक क्लोराइडमध्ये तांबं निघूनच नाही रायलं

नाग_सर्किट: सर्किटचा बोर्ड (पीसीबी) बनवतो आहे. नको असलेलं तांबं विरघळायला सव्वा तासापासून फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवून ठेवला आहे. कडेचं थोडं निघालं, बाकी जसंच्या तसं. टोनर (सर्किटच्या रेषांवरची प्रिंटरची शाई, खालचं तांबं वाचवते) पक्का बसला आहे. सकाळी कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचा आहे. लवकर सांगा.

बर्डीवाला: भाऊ, पावडर किती, पाणी किती? ताजं आहे का जुनं? ३५ मायक्रॉन जाडीचं तांबं ताज्या, कोमट पाण्यात १५-२० मिनिटांत निघतं.

नाग_सर्किट: पाव किलो, अर्ध्या लिटरमध्ये. आजच केलं. गच्चीवर बसलो आहे, लय थंडी आहे.

बर्डीवाला: मग थंडीच. डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेव, गॅसवर नको. हलवत राहा.

झटपट: फेरिक सोड. हायड्रोक्लोरिक ॲसिड अन् हायड्रोजन पेरॉक्साइड, ५ मिनिटांत काम. मी तेच करतो.

जोशीकाका: पोराला काय सांगता हो? त्यातून क्लोरीन सुटतो. रात्री घाईत, घरी, अजिबात नको.

झटपट: काका, मी तीन वर्षांपासून उघड्यावरच करतो.

जोशीकाका: तुम्ही सरावलेले. त्याची पहिली वेळ दिसते.

विदर्भ_रेडिओ: झिरो बोर्डवर (तयार भोकांचा बोर्ड) सोल्डर करून टाक, सकाळपर्यंत होते.

नाग_सर्किट: सरांनी एचिंगच (असं तांबं विरघळवून बोर्ड बनवणं) सांगितलं आहे. पाण्याचा रंग हिरवट झाला आहे, तो काऊन?

जोशीकाका: बाळा, भांडं कशाचं आहे?

नाग_सर्किट: स्टीलचं ताट.

जोशीकाका: तिथंच चुकलं. फेरिक क्लोराइड तांब्याआधी ताटातलं लोखंड खातंय. हिरवट रंग त्याचाच, म्हणजे पाण्यात दम उरला नाही. तळाला बोट लावू नकोस, पण बघ, बारीक खड्डे दिसतील.

नाग_सर्किट: हो, टाचणीनं टोचल्यासारखे. बोटंही पिवळी झाली.

जोशीकाका: हात साबणानं धू, हातमोजे अन् चष्मा घाल. ते ताट आता जेवायला नाही, आईला आजच सांग. आइस्क्रीमचा प्लास्टिक डबा घे. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी पावडर. पावडरीवर पाणी ओतशील तर एकदम तापून आम्लाची वाफ तोंडावर येईल.

बर्डीवाला: भांडं मीच विचारायला पाहिजे होतं.

पीसीबी_ताई: टोनर बोर्डवर उतरवायला कोणता कागद वापरला? माझा मधूनच उखडतो.

नाग_सर्किट: झालं! १८ मिनिटांत. एक ट्रॅक (तांब्याची रेष) तुटला, तिथं तार जोडतो. जुनं पाणी मोरीत टाकू?

जोशीकाका: नको! त्यात तांबं आहे, नाल्यात जाईल, लोखंडी पाइपही सडतील. मोठ्या प्लास्टिक बादलीत धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट घाल, फेस थांबेपर्यंत. पाण्यासकट गाळ बाटलीत भर, नाव लिही अन् कॉलेजच्या रसायनशाळेत विचारून दे.

पीसीबी_ताई: कागदाचं कोणी सांगता का?