आगाखान पॅलेसची इमारत वारसा, मग बाग नुसती मोकळी जागा का?

नगररोडकर:
काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये रीडेव्हलपमेंटचा विषय निघाला आणि नेहमीचं सुरू झालं, पुण्यातला हा पॅलेस संरक्षित स्मारक, त्याच्यामुळे आपलं अडतं, त्याच्यापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम नाही, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. एक काका म्हणाले, इमारत जपा की, बाकी साधारण १९ एकरात लॉनच तर आहे. मला अजिबात पटलं नाही पण धड उत्तर देता आलं नाही. काय सांगू त्यांना?

जुनी_पायवाट:
ताई, काकांना मागे समाध्यांपर्यंत चालत घेऊन जा. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना पकडून इथं आणलं, आठवडाही झाला नव्हता तर १५ तारखेला त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले, आवारातच अग्नी दिला. मग गांधीजी रोज तिथं जाऊन फुलं वाहायचे. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या, सरकारने बाहेर अंत्ययात्रा काढू दिली नाही, म्हणून दहन तिथंच, महादेवभाईंच्या शेजारी, अंगावर बापूंनी कातलेल्या सुताची साडी. आपण जिला बाग म्हणतो ती त्यांचा तुरुंग होती आणि स्मशानही. ती सोडून नुसत्या खोल्या जपून काय दाखवणार पोरांना?

व्हरांडा:
इमारतीपुरतं बोललं तरी बाग लागतेच. १८९२ मध्ये तिसऱ्या आगाखानांनी (इस्माइली पंथाचे प्रमुख) पॅलेस बांधला तेव्हा येरवडा शहराबाहेर होतं. चारही बाजूंनी कमानींचा व्हरांडा फिरतो तो झाडांखालचा वारा घ्यायलाच ना! समोर टॉवर आले की त्या कमानीतून दिसणार काय, लोकांच्या गॅलऱ्या.

तिसरा मजला:
माझी बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आईला उचलून खाली आणतो, म्हणून काकांचा त्रास मला कळतो. पण नियमापुढे मेट्रोसुद्धा नगर रोड सोडून कल्याणीनगरमधून वळवावी लागली. १९६९ ला चौथ्या आगाखानांनी ही वास्तू देशाला देऊन टाकली, २००३ पासून राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे, आता ती आपल्या सगळ्यांची. दुरुस्तीच्या परवानग्या लवकर मिळाव्यात म्हणून भांडू, मी येतो बरोबर, पण राग बागेवर नको.

नगररोडकर:
खूप आभार सगळ्यांचे. रविवारी सकाळी काकांना आणि अजून चार-पाच जणांना घेऊन जाते. माझी आई होती तेव्हा समाधीपाशी जाताना चपला लांबच काढायची, भर उन्हात फरशी चटके देत असली तरी.