नवा कन्सोल, नवा टीव्ही : चित्र खरोखरच सुधारते का?

चौकस (धागाकर्ता)

सोनीचा प्लेस्टेशन ४ हा कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र) सोडून प्लेस्टेशन ५ घेतलेल्यांकडून एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘गेम झटकन चालू होतो, पण चित्र काही फारसे वेगळे दिसत नाही.’ ही तक्रार मला रास्त वाटते. चित्राच्या बाबतीत कन्सोल बदलण्यापेक्षा टीव्हीचे पॅनेल, म्हणजे पडदाच, बदलल्याने अधिक फरक पडतो, असे माझे मत आहे आणि त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

आधी थोडा हिशेब मांडतो. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ ची चित्रनिर्मितीची ताकद १.८४ टेराफ्लॉप (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी) होती आणि २०२० च्या प्लेस्टेशन ५ ची १०.२८ आहे, म्हणजे सुमारे साडेपाच पट. याच काळात आपण १०८० ओळींच्या चित्रावरून २१६० ओळींच्या ४के वर गेलो, म्हणजे प्रत्येक फ्रेममधले (एकेका स्थिर चित्रातले) पिक्सेल, म्हणजे ठिपके, सुमारे २१ लाखांवरून ८३ लाखांवर, चौपट झाले. त्यातच सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेम हव्यात असा आग्रह धरला की काम आठपट होते. साडेपाच पट मिळकतीतून आठपट खर्च भागवायचा, तर झाडे, कापड, चेहरे आणि प्रकाश यांच्या तपशिलासाठी शिल्लक काय राहणार? उलट चांगल्या पॅनेलवर एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारे तंत्र) चालू केल्यावर तोच जुना गेम ओळखू येणार नाही इतका बदलतो. २०१६ च्या सप्टेंबरमधल्या अपडेटने पहिल्या प्लेस्टेशन ४ सह त्या मालिकेतील सर्व कन्सोलना एचडीआर मिळाले होते, हे अनेकांच्या लक्षातही नाही, कारण त्या वेळी ते दाखवू शकणारा टीव्हीच घरात नव्हता.

रातकिडा

असहमत. टेराफ्लॉपचा हा गुणाकार ऐकायला पटतो, पण दोन पिढ्यांच्या चिपची रचनाच वेगळी असल्यामुळे हे आकडे एकाच तराजूत घालता येत नाहीत. शिवाय आपल्या हिशेबातून एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगाने वाचता येणारी साठवण) पूर्णपणे सुटली आहे. प्लेस्टेशन ५ सेकंदाला साडेपाच गिगाबाइट माहिती वाचू शकतो. जुन्या कन्सोलमधली फिरती हार्ड डिस्क त्याच्या जवळपासही जात नव्हती, आणि म्हणूनच त्या काळातल्या गेममध्ये नायक दर थोड्या वेळाने दोन खडकांच्या फटीतून अंग चोरून सरकताना किंवा विनाकारण लांबलेल्या लिफ्टमध्ये उभा असलेला दिसतो. पुढचा भाग मेमरीत भरून होईपर्यंत आपल्याला गुंतवून ठेवण्याची ती युक्ती होती. दूरचे डोंगर आधी पुसट आणि मग एकदम स्पष्ट होणे हा चित्रातलाच दोष आहे आणि तो कन्सोल बदलल्याखेरीज कमी होत नाही.

दुसरा मुद्दा फ्रेमचा. ३० फ्रेमवर प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंद पडद्यावर राहते, ६० वर १६.७. आपण गेम थांबवून त्याचे छायाचित्र न्याहाळत बसत नाही, कॅमेरा सतत फिरवत असतो, आणि फिरत्या कॅमेऱ्यात ३० फ्रेमचे ४के चित्र ६० फ्रेमच्या कमी पिक्सेलच्या चित्रापेक्षा अस्पष्ट दिसते. प्लेस्टेशनचे प्रमुख रचनाकार मार्क सर्नी यांनी २०२४ मध्ये सांगितले होते की जिथे निवड करायची असते तिथे खेळाडू सुमारे तीन चतुर्थांश वेळा जास्त फ्रेमचा पर्याय घेतात. लोकांनी कौल दिलेला आहे.

तिरफळ

दोघेही ४के गृहीत धरून बोलत आहात, म्हणून एक साधे मोजमाप सुचवतो. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखू शकतो. ५५ इंची टीव्हीवर १०८० चा एक पिक्सेल सुमारे ०.६३ मिलिमीटरचा असतो, आणि त्या नियमाने साधारण सात फुटांपलीकडून तो वेगळा दिसत नाही. ४के चा पूर्ण लाभ घ्यायचा तर त्याच टीव्हीसमोर साडेतीन फुटांवर बसावे लागेल. आपल्याकडच्या हॉलमध्ये टीव्ही एका भिंतीवर, सोफा समोरच्या भिंतीला, आणि मध्ये नऊ-दहा फूट अंतर. ४३ इंची टीव्ही असेल तर विषयच संपला. सुरुवातीच्या काळात प्लेस्टेशन ५ च्या खोक्यावर तर ‘८के’ (४के च्या चौपट पिक्सेल) छापलेले होते. ते कोणाच्या डोळ्यांसाठी होते, हे छापणाऱ्यालाच ठाऊक.

चौकस

तिरफळ, आपले मोजमाप माझ्याच बाजूचे आहे. पिक्सेल वाढवून चित्र सुधारते ही समजूत टीव्ही विकणाऱ्यांनी रुजवली, कारण आकडा खोक्यावर छापायला सोपा असतो. डोळ्याला दहा फुटांवरूनही जाणवते ते अंधार आणि उजेड यांतले अंतर. पारंपरिक व्हिडिओ १०० निट (पडद्याच्या उजेडाचे एकक) उजेड गृहीत धरून तयार होत असे, तर एचडीआरसाठी १००० निटांचे शिखर सर्रास धरले जाते. ओएलईडी जातीच्या पॅनेलमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो आणि स्वतंत्रपणे विझतो, त्यामुळे गुहेतली मशाल पेटती दिसते आणि तिच्या बाजूचा काळोख काळाच राहतो.

स्वस्त टीव्हीवरच्या ‘एचडीआर’ या स्टिकरबद्दल मात्र ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असेच म्हणावे लागते. तो टीव्ही एचडीआरचा सिग्नल स्वीकारतो, एवढाच त्या स्टिकरचा अर्थ. पॅनेलचा उजेड अडीचशे-तीनशे निटांच्या वर जात नसेल आणि मागचा दिवा सगळ्या पडद्याला एकसारखाच उजळत असेल, तर एचडीआर चालू केल्यावर चित्र उलट मळकट होते. मग लोक म्हणतात, नव्या कन्सोलमध्ये काही दम नाही.

रातकिडा

चौकस, ओएलईडीचे कौतुक करताना आपण एक अडचणीची गोष्ट वगळली आहे. ओएलईडीचा पिक्सेल एका मिलिसेकंदाच्याही आत रंग बदलतो, म्हणून ३० फ्रेमच्या गेममध्ये प्रत्येक फ्रेम ठळकपणे तुटलेली दिसते. जुन्या, मंद एलसीडीवर (मागून दिवा असलेल्या पॅनेलवर) दोन फ्रेम एकमेकींत विरघळत असत आणि तो तुटकपणा झाकला जात असे. म्हणजे आधी टीव्ही बदलून कन्सोल जुनाच ठेवला, तर काही गेम पूर्वीपेक्षा जास्त धक्के खात असल्यासारखे दिसतील. प्लेस्टेशन ४ वरचा २०१५ चा ‘ब्लडबोर्न’ हा गेम घ्या. त्याला ६० फ्रेमचे अपडेट मिळालेले नाही, आणि चांगल्या पडद्यावर कॅमेरा फिरवला की त्याचा तो दोष लपत नाही. ‘आधी टीव्ही’ हा आपला क्रम म्हणूनच मला मान्य नाही.

जुनाभिडू

हा मुद्दा आणखी मागे नेतो. नव्वदच्या दशकातले कॅसेटवाले व्हिडिओ गेम किंवा नंतरचा प्लेस्टेशन २ आजच्या ४के टीव्हीला जोडून पाहा. चित्र सुधारणे दूरच, ते बघवत नाही. त्यातल्या कॅसेटवाल्या गेमचे २४० ओळींचे चित्र बरेच आधुनिक टीव्ही ४८० ओळींचे, एकाआड एक रेषांचे समजतात आणि ते ‘दुरुस्त’ करण्याच्या नादात कडा पुसून टाकतात. चित्रकारांनी काचेच्या नळीच्या पडद्याचा मऊपणा लक्षात घेऊनच रंग भरले होते. आणि बदके मारायची ती प्लास्टिकची बंदूक तर एलसीडीवर चालतच नाही, कारण जुन्या टीव्हीवर चित्र ज्या क्षणी रेखले जाई त्या क्षणाच्या उजेडावरच ती अवलंबून होती. तेव्हा ‘आधुनिक टीव्ही म्हणजे चांगले चित्र’ हे सरसकट विधान कोणीच करू नये.

सर्किट

वाद चालू द्या, पण घरोघरी दिसणारा प्रश्न यातला कोणताच नसतो. टीव्ही जसा खोक्यातून निघाला तसाच भडक मोडवर वर्षानुवर्षे चालू असतो. ज्या पोर्टला कन्सोल जोडला आहे त्याचा सिग्नल सेटिंगमध्ये ‘स्टँडर्ड’वरच राहिलेला असतो, त्यामुळे कित्येक टीव्हींवर एचडीआर पोहोचतच नाही. ४के आणि १२० फ्रेम पूर्णपणे एकत्र हवे असतील तर एचडीएमआय या जोडणीची २.१ आवृत्ती लागते, कारण २.० ची क्षमता १८ गिगाबिट प्रतिसेकंद, तर २.१ ची ४८ पर्यंत आहे. चार पोर्टांपैकी एक-दोनच तसे असतात आणि नेमका तिथे सेट-टॉप बॉक्स बसलेला असतो. गेम मोड (चित्रावरची प्रक्रिया कमी करणारे टीव्हीचे सेटिंग) बंद असेल तर टीव्ही स्वतःच्या मनाने फ्रेम घालतो, चित्र गुळगुळीत दिसते आणि बटण दाबल्यावर नायक उशिरा उडी मारतो. हे सगळे तपासल्याशिवाय कन्सोलला किंवा पॅनेलला दोष देऊ नये.

न्यूजर्सीकर

इकडे माझ्याकडे प्लेस्टेशन ५ प्रो (प्लेस्टेशन ५ ची अधिक ताकदवान आवृत्ती) आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तो ६९९.९९ डॉलरला आला, तोही डिस्क ड्राइव्हशिवाय. वाय-फायच्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला परवानगी नसल्यामुळे भारतात तो तेव्हा आलाच नाही. कमी पिक्सेलचे चित्र काढून ते यंत्रशिक्षणाच्या साहाय्याने ४के पर्यंत वाढवायचे, हे त्याचे मुख्य तंत्र आहे. ६५ इंची ओएलईडीसमोर सहा फुटांवर बसून गवताच्या आणि केसांच्या कडा स्थिर झाल्याचे मला नक्की दिसते. माझ्या बायकोला दिसत नाही.

तिरफळ

वहिनी कुठे बसतात?

न्यूजर्सीकर

मागच्या जेवणाच्या टेबलापाशी. बारा फूट असेल.

चौकस

रातकिडा, ३० फ्रेमच्या धक्क्यांचा आपला आक्षेप खरा आहे, पण तो कॅमेरा वेगाने फिरवतानाचा आहे. पॅनेलचा काळोख आणि उजेड प्रत्येक फ्रेममध्ये मिळतो, शिवाय संध्याकाळी घरातले सगळे त्याच टीव्हीवर सिनेमा आणि क्रिकेटही पाहतात. २०२५ च्या सप्टेंबरपासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे पॅनेलवर खर्च करणे पूर्वीपेक्षा सोपेही झाले आहे. हातात साठ-सत्तर हजार असतील आणि घरात प्लेस्टेशन ४ असेल, तर मी आजही आधी टीव्हीच घ्यायला सांगेन. फक्त दुकानदाराला ‘४के आहे का’ असे विचारू नये. उजेड किती निट, लोकल डिमिंगचे (मागचा दिवा भागाभागाने मंद करण्याचे) विभाग किती आणि पॅनेल मुळात ६० हर्ट्झचे (सेकंदाला ६० चित्रे दाखवणारे) की १२०, एवढे विचारावे, आणि उत्तरादाखल ‘मोशन रेट’चा (जाहिरातीसाठी फुगवलेला) आकडा ऐकवला गेला तर दुसरे दुकान गाठावे.

रातकिडा

त्याच पैशांत मी प्लेस्टेशन ५ घेईन आणि सोफा तीन फूट पुढे ओढेन.