गुहागर–तवसाळ रस्ता: पौर्णिमेला सेडान घेऊन जावं का?

प्रश्न: गुहागरहून गणपतीपुळ्याला किनाऱ्यानं जायचंय. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करून तवसाळला खाडीपलीकडे जयगडला जाणारी फेरीबोट पकडायची. दिवस कार्तिकी पौर्णिमेचा. गाडी सेडान, पाच माणसं, डिकी भरलेली. जेटीवर गाडी खाली घासते असं ऐकलंय, खरं का? संध्याकाळी पाचपर्यंत तवसाळला पोचू.

सडेकर: रस्ता झेपेल, निघाच. चिपळूणवरून फिरून गेलात तर दीडशेच्या आसपास किलोमीटर पडतात, इकडून साठेक. टाकी मात्र गुहागरातच भरून घ्या. सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट माळावर, गाडी सुसाट जाते, पण गाव आलं की उतार, वळण, ओढा आणि पुन्हा चढ. पालशेतच्या बाजारात घरं रस्त्याला खेटून आहेत, समोरून एसटी आली तर आधीच रुंद जागा बघून थांबा. पावसानंतर साईडपट्टी खचलेली असते आणि वळणावर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते, त्यावर जोरात ब्रेक मारला की गाडी सरकते. उतारावर दुसरा गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका.

खाडीकाठ: रस्त्यापेक्षा तुमची वेळ चुकतेय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे 15, पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी सुकती (पूर्ण ओहोटी), म्हणजे साडेपाचच्या सुमारास, अर्धा-पाऊण तास मागेपुढे. आणि पौर्णिमेला उधाण, त्यामुळे पाणी सगळ्यात खाली जातं. तुम्ही पाचला पोचलात तर बोट जेटीच्या उताराच्या पार खालच्या टोकाला लागलेली असेल. तो भाग एरवी पाण्याखाली असतो, म्हणून शेवाळलेला. तिथे चाक फिरतं आणि उतार संपून बोटीची फळी सुरू होते त्या खोबणीत पुढचा बंपर टेकतो. पाच माणसं बसलेली असतील तर टेकणारच.

प्रश्नकर्ता: मग सकाळी लवकर निघू का?

खाडीकाठ: पहाटेही सुकतीच असते. गुहागरहून नऊला निघा आणि अकराच्या आत हेदवीत पोचा. बामणघळ, म्हणजे तिथल्या कड्यातली अरुंद चीर, भरतीलाच बघायची, त्या चिरेत लाट घुसून वर उसळते ती तेव्हाच. कड्याच्या ओल्या कडेला मात्र जाऊ नका. दशभुजा गणपतीचं दर्शन घेऊन दोनपर्यंत तवसाळ गाठा, तेव्हा पाणी मध्यावर असतं.

सडेकर: हे बरोबर. जेटीवर माणसं आधी उतरवा, जड बॅगाही काढा. बोटीवरचा माणूस सांगेल तसं, पुढून किंवा रिव्हर्स, पहिल्या गिअरच्या चालीत, मध्ये न थांबता. फळीवर चाकं जरा तिरकी घातली तर बंपर वाचतो. आत गेल्यावर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही. पलीकडे जयगडला उतरलात की वरवडे, मालगुंडवरून गणपतीपुळं. निवळीकडच्या रस्त्याला लागू नका, तिथे बंदराचे ट्रेलर असतात.