मदत हवी आहे: ३८ किलोचा लॅब्रॅडॉर आणि त्याला घास दिल्याशिवाय न जेवणारे सासरे

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यात फोंड्याजवळ, म्हार्दोळच्या बाजूला राहतो. मागे सुपारीचं कुळागर, घरात मी, नवरा, सासरे (त्यांना सगळे आबा म्हणतात) आणि मोत्या. मोत्या सात वर्षांचा लॅब्रॅडॉर. चार वर्षांपूर्वी नसबंदी केली, तेव्हापासून वजन हळूहळू चढत गेलं आणि आमच्या ते लक्षातच आलं नाही. रोज डोळ्यांसमोर असणाऱ्याचं वजन कळत नाही हो.

गेल्या महिन्यात तो पायऱ्या चढताना मध्येच बसला. डॉक्टरांकडे नेलं. वजन ३८.४ किलो. थायरॉइडची तपासणी केली, ती ठीक आली. एक्स-रेमध्ये मागच्या खुब्यांची झीज दिसते आहे. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण खरा उपाय वजन. ३१ च्या आसपास यायला हवं.

त्याचं रोजचं खाणं लिहिते, म्हणजे सांगायला सोपं जाईल. सकाळ-संध्याकाळ एकेक मग तयार खाद्य, हे मी घालते. बाकीचं आबांकडून: सकाळी पोदेर (दारावर येणारा पाववाला) आला की चहाबरोबर एक पाव, दुपारी त्यांच्या ताटातला भाताचा घास (घास म्हणजे चांगली मूठभर शितं, त्यात तारले असले तर काटे काढून तेही), नारळ खवताना खोबरं, संध्याकाळी पोदेर परत आला की अर्धा उंडो (गोल पाव), आणि रात्री टीव्हीसमोर तीन-चार बिस्किटं.

आता खरी अडचण. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. मोत्याला भात कालवून घालायच्या त्या. त्या गेल्यावर आबांनी ते काम स्वतःकडे घेतलं. दुपारी आम्ही दोघं नोकरीवर असतो, घरात ते आणि मोत्या. मुक्या जनावराला घास दिल्याशिवाय ते स्वतः जेवत नाहीत, तसं त्यांच्या वडिलांपासून चालत आलंय. मी एकदा फक्त म्हटलं, "आबा, त्याला भात नको द्यायला." त्या दिवशी ते नीट जेवलेच नाहीत. सुनेने किती बोलावं? आणि खरं सांगते, मला त्यांचा घास बंद करायचा नाहीच आहे. मला दोघंही हवे आहेत.

शिवाय मिरगापासून पाऊस लागलाय, फिरवणं जवळजवळ बंद. काय करू?

प्रतिसाद (मडगावहून)

ताई, आमची लॅब्रॅडॉर ३६ वरून २९ वर आणली आहे, सात महिने लागले. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक करा. तुमचा तो मग काट्यावर ठेवून त्यात खाद्य किती ग्रॅम बसतं ते बघा, आणि पिशवीवर १०० ग्रॅमला किती कॅलरी लिहिल्या आहेत तेही. मग मोत्याची गरज काढा. फोनच्या कॅल्क्युलेटरवर जमतं: जे वजन हवंय ते तीनदा एकमेकांशी गुणा (३१ × ३१ × ३१), वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, आलेल्या आकड्याला ७० ने गुणा. ३१ किलोसाठी साधारण ९२० कॅलरी येतात. वजन उतरवताना दिवसाला एवढ्यापासूनच सुरुवात करतात. यातल्या दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे ९० कॅलरी, वरचा खाऊ चालतो. एका पावातच त्याहून जास्त असतात. ओलं खोबरं तर १०० ग्रॅमला साडेतीनशे. आकडा डॉक्टरांना दाखवून पक्का करा.

नेहमीचं खाद्य नुसतं निम्म्यावर आणू नका. त्यात प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही निम्मी होतात. वजन उतरवायचं वेगळं खाद्य मिळतं, ते डॉक्टरांना विचारून, आठवडाभर जुन्यात मिसळत मिसळत बदला. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के उतरलं की झालं, मोत्याच्या बाबतीत ४०० ते ७५० ग्रॅम. त्याहून घाई नको.

आबांसाठी: सकाळी दिवसाचं सगळं खाद्य मोजून एका डब्यात भरा आणि डबा आबांच्या ताब्यात द्या. तुम्ही काहीच घालू नका. दुपारचा घास त्यातूनच. वर उकडलेली फरसबी, दुधी किंवा काकडी. कांदा-लसूण घातलेलं हुमण (माशांची आमटी), द्राक्षं-मनुका आणि चॉकलेट मात्र कधीच नको, ते विषारी. आणि खुबे दुखतात म्हणून माणसांची आयबुप्रोफेनसारखी गोळी चुकूनही देऊ नका.

प्रतिसाद (पेडण्याहून)

मला एक वेगळंच सांगायचंय. त्याला हावरट म्हणत असाल तर म्हणू नका. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की जवळपास चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्यांना अन्नाची ओढ जास्त असते. त्याची भूक खरी असू शकते. म्हणून वाडग्यात एकदम ओतू नका. जुन्या पंच्यात खाद्याचे दाणे गुंडाळून द्या, नाकाने उलगडत बसू दे, जवळ कोणीतरी थांबा. आमचा दोन मिनिटांत संपवायचा, आता पंधरा लागतात.

आबांना हेही सांगा: ४८ लॅब्रॅडॉरांवरचा जन्मभराचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांची हाडं उशिरा दुखू लागली. घास लहान केला तर तो घास घ्यायला मोत्या जास्त दिवस राहील.

पावसात मोठी फेरी नको, उघडीप मिळेल तशी दहा-दहा मिनिटं तीनदा. कुळागरात पाणी साचतं, उंदीर असतात, म्हणून लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) लस झाली आहे ना ते बघा.

धागा काढणारीचं उत्तर, सहा आठवड्यांनी

उशिरा लिहिते, पण सगळं करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पहिल्याच रात्री मग तोलला. १५० ग्रॅम. दोन वेळचे ३००, आणि पिशवीवर १०० ग्रॅमला ३६० कॅलरी. म्हणजे १०८०. आबांनी दिवसभरात काहीही दिलं नसतं तरी तो माझ्याच हातचं जास्त खात होता. मी मात्र मनात आबांना दोष देत होते. ते आकडे कागदावर लिहून मी आबांसमोर ठेवले आणि म्हटलं, चूक माझ्या मगाची पण आहे. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग सासूबाईंचा पितळेचा डबा काढून दिला, "ह्यात भर."

आता रोज सकाळी त्यात नवीन खाद्य २७० ग्रॅम भरते. सगळं घालायचं ते आबा घालतात. दुपारी पान वाढलं की आधी डब्यातली मूठ, वर उकडलेल्या फरसबीचे तुकडे आणि चार शितं. ती चार शितं मी मोजत नाही, डॉक्टरांनीही चालेल म्हटलंय. पोदेराचा हॉर्न वाजला की मोत्या अजून फाटकाकडे धावतो, तेव्हा त्याला काकडीची चकती मिळते. पहिला आठवडा फार वाईट गेला, रात्री दाराशी बसून कण्हायचा. मलाच रडू यायचं. पंच्याची युक्ती तेव्हाच कामी आली.

दर दुसऱ्या रविवारी सुपारी तोलायच्या काट्यावर त्याला उभा करतो. परवा ३६.२ भरला. बरगड्या पूर्वी दाबूनही लागत नव्हत्या, आता हात फिरवला की थोड्या लागतात. परवा पडवीच्या तीन पायऱ्या न थांबता चढला, आबा बघत होते.

आता चवथ जवळ आली आहे. पाच दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं असणार, नेवऱ्या, मोदक, आणि प्रत्येकाला मोत्याला काहीतरी द्यायचंच असतं. आबा म्हणतात त्याच्या गळ्यात पाटी अडकवू. गर्दीत ती तो चावून टाकेल असं मला वाटतं. तुम्ही सणाच्या दिवसांत कसं सांभाळलंत?